एका पानात बसवताना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मी हौसेनं भलत्याच एका विषयावर पंधरा पानं लिहून काढली आणि केंद्रावर घेऊन गेलो. कार्यक्रम अधिकारी बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, ‘‘हे वाचायला अर्धा तास लागेल. तुमच्याकडं वीस मिनिटं आहेत.’’ मी म्हटलं, ‘‘जरा भरभर वाचतो.’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘भरभर वाचलेलं ऐकणाऱ्याला कळत नाही. कमी करा.’’

पंधरा पानं काखेत मारून घरी निघालो. वाटेत मला २०१९ सालची माझ्या हातून झालेली एक चूक आठवली. ती चूक नेमकी हीच होती. जास्त मजकूर कमी जागेत कोंबायचा म्हणून मी भरभर वाचण्यासारखंच काहीतरी केलं होतं. घरी पोचेपर्यंत मी विषय बदलला. आज त्या चुकीबद्दलच बोलणार आहे.

विषय कारकुनी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कॉम्प्युटरवर केलेला मोठा तक्ता, ज्याला आपण सगळे एक्सेल शीट म्हणतो, तो एका कागदावर कसा बसवायचा, एवढाच. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता करतो आणि पोटासाठी एका शाळेच्या कार्यालयात बसतो. पगारपत्रक, निकालपत्रक, फीचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या याद्या यांत दिवस जातो. कविसंमेलनात लोक मला विचारतात, ‘‘तुम्ही उर्दूत का लिहीत नाही?’’ कार्यालयात विचारतात, ‘‘हे एका पानात का बसत नाही?’’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ज्या भाषेत मी शाळा शिकलो, भाजीवाल्याशी घासाघीस केली आणि पहिलं भांडण केलं, त्याच भाषेत लिहितो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडायला मात्र फार वर्षं गेली.

ज्यांनी कधी कार्यालयात काम केलं आहे त्यांना हा अनुभव असणार. पडद्यावर तक्ता कसा नीटनेटका दिसतो. छापायचा हुकूम दिला की प्रिंटरमधून एकामागून एक कागद यायला लागतात. पहिल्या कागदावर नावं. दुसऱ्यावर आकडे, पण ते कुणाचे हे कळत नाही, कारण नावं पहिल्या कागदावर राहिली. तिसऱ्यावर ‘शेरा’ हा एकटाच रकाना. चौथा कागद जवळजवळ कोरा, कोपऱ्यात फक्त एकूण बेरीज. मग ते चार कागद टेबलावर मांडून, डिंक लावून जोडायचे. तेवढ्यात वरून निरोप येतो : एका पानात आणा.

पूर्वी निकालपत्रकं हातानं व्हायची तेव्हा हा प्रश्न नव्हता. मोठे आखीव ताव असायचे. एक ताव पुरला नाही तर दुसरा त्याला खळ लावून चिकटवायचा. वर्षाचं निकालपत्रक उलगडायचं म्हणजे दोन टेबलं जोडावी लागायची. ‘अक्षर निम्मं करा’ असं कुणी कधी म्हणालं नाही, कारण शाईच्या पेननं अक्षर बारीक काढायला हाताची मर्यादा होती. यंत्राला ती मर्यादा नाही. तुम्ही सांगाल तेवढं बारीक ते करून देतं. सगळा घोटाळा तिथं आहे.

तशी स्प्रेडशीट या नावातच ‘पसरलेला कागद’ हा अर्थ आहे. हिशेबाच्या वहीची समोरासमोरची दोन पानं उघडून त्यांवर आडवे रकाने आखत, त्यावरून हे नाव पडलं. कॉम्प्युटरवरच्या तक्त्याची कल्पना मात्र फळ्यावरून सुचली. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणारा विद्यार्थी. १९७८ची गोष्ट. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडत. त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हा फळा आपला आपण दुरुस्त झाला तर किती बरं, असं ब्रिकलिनच्या मनात आलं. बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्यानं ते करून दाखवलं आणि १९७९ साली व्हिजिकॅल्क नावाचा प्रोग्रॅम बाजारात आला. एक्सेल १९८५ साली आलं. आज एक्सेलच्या एका शीटमध्ये १६,३८४ रकाने आणि १०,४८,५७६ ओळी असतात. आणि आपला ए-फोर कागद? २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब. फळा वाढत गेला, कागद होता तेवढाच राहिला.

आता २०१९कडं येतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५च्या पुरात पाणी जिथं थांबलं होतं ती खूण आमच्या गल्लीतल्या भिंतीवर होती, आणि ‘तिथवर येईल, पुढं येत नाही’ असा सगळ्यांचा हिशेब होता. पाण्यानं तो हिशेब मोडला. मी घरच्या मंडळींना उंचावरच्या भागात पाहुण्यांकडं सोडलं आणि मदतीला परत आलो.

गणेश मंडळाची पोरं आणि मशिदीतली पोरं एकत्र काम करत होती. दोन बोटी मिळाल्या होत्या. कुठल्या घरात कोण अडकलंय, ही माहिती फोनवरून येत होती आणि माझ्याकडं लिहायचं काम होतं. कारकुनाला दुसरं काय येतं? मी लॅपटॉपवर तक्ता केला. ६४ घरं आणि १४ रकाने. अनुक्रम, नाव, घर, मजला, माणसं, लहान मुलं, म्हातारी माणसं, फोन, दुसरा फोन, आजार, औषध, जनावरं, शेरा आणि शेवटी बोटीचा क्रमांक. तक्ता चांगला झाला होता. आजही म्हणतो, माहितीत काही उणं नव्हतं.

वरच्या रस्त्याला एक झेरॉक्सवाला जनरेटर लावून दुकान उघडं ठेवून बसला होता. तिथं छापायला गेलो. चार कागद आले. बोटीवर जाणारा एक पोरगा म्हणाला, ‘‘चाचा, एकच पान द्या. पावसात चार कागद कोण सांभाळणार? प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच घालतो.’’ त्याचं बरोबर होतं. एका हातात दोर, दुसऱ्या हातात बॅटरी. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली होती. त्यामुळं पोरं एका खेपेला मोजकीच माणसं घेत होती. कुणाला आधी आणायचं हे त्या कागदावरूनच ठरणार होतं.

मी कागद आडवा केला. चारी बाजूंचे समास कमी केले. नावाचा रकाना रुंद होता, म्हणून नावांची आद्याक्षरं केली. आमच्या भागात पाटील आणि शेख भरपूर, त्यामुळं ‘शेख स. म.’ तीन झाले, तरी पुढं गेलो. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद. तो बोटाएवढा अरुंद केला. आणि मग ‘सगळं एका पानात बसवा’ हा पर्याय निवडला. एक कागद आला. पोरं खूश, मीही खूश. मनात म्हटलं, आपण याच कामात मुरलेले आहोत.

बत्तिसाव्या ओळीत आमचे सर होते. हायस्कुलात मराठी शिकवायचे. माझी पहिली कविता त्यांनीच लाल पेननं तपासली होती. मला ते थट्टेनं ‘कवी’ म्हणत. बाई गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटेच राहत. त्यांच्या पुण्याच्या मुलीनं मला मुद्दाम फोन केला होता. म्हणाली, ‘‘दादा, बाबांचं कानाचं यंत्र खालच्या खोलीत पाण्यात गेलंय. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. फोनची रिंगसुद्धा नाही. कुणीतरी वर जाऊनच आणावं लागेल.’’ मी तिला म्हटलं, ‘‘काळजी करू नकोस, ताई, लिहून घेतलंय.’’ आणि खरंच लिहून घेतलं होतं. शेऱ्यात होतं : ‘वरच्या मजल्यावर एकटे. ऐकू येत नाही. हाक मारून उपयोग नाही, जिन्यानं वर जावे.’

कागदावर उमटलं होतं : ‘वरच्या मजल्यावर ए’.

बोटीवरची पोरं दुसऱ्या गल्लीतली होती, त्यांना सर माहीत नव्हते. त्यांनी खालून हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. उत्तर नाही. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी सांगितलं, इथली माणसं सकाळीच गेली. त्यांनी बत्तीस नंबरवर खूण केली आणि पुढच्या घराकडं गेली. त्यांची काही चूक नव्हती. कागदावर होतं तसं ते वागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी छावणीत मी एकेकाचं नाव मिळवून बघत होतो तेव्हा सर सापडेनात. बोट पुन्हा गेली, या वेळी मीही गेलो. सर गच्चीच्या जिन्यात भिंतीला टेकून बसले होते. अंगात ताप होता. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. जवळजवळ वीस तास ते तिथं होते. मला बघून एवढंच म्हणाले, ‘‘आलास होय.’’ पुढं दोन दिवस दवाखान्यात होते. बरे झाले. पण ते बरे झाले यात माझी काही करामत नाही.

पाणी उतरल्यावर, गल्लीतला चिखल निघाल्यावर मी तो कागद घेऊन त्यांच्याकडं गेलो. न जाता चाललं असतं, पण झोप लागत नव्हती. तोवर नवं यंत्र आलं होतं. सरांनी भिंग मागवलं, कागद खिडकीपाशी धरला आणि ओळी मोजत खाली आले.

‘‘बत्तीस नंबरला मी आहे. बरोबर?’’

‘‘हो, सर.’’

‘‘मग मी बहिरा आहे, हे कुठं आहे?’’

‘‘लॅपटॉपमध्ये आहे, सर.’’

त्यांनी भिंग खाली ठेवलं. ‘‘बोटीत लॅपटॉप होता का?’’

एवढंच बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा केला, मी प्यालो आणि घरी आलो. त्या रात्री तो तक्ता पुन्हा उघडून नेमकं काय झालं ते बघत बसलो. जे कळलं ते आज सांगतो, कारण माझ्यासारखे याद्या करणारे गावोगावी आहेत.

पहिली गोष्ट टक्क्यांची. माझा तक्ता एका पानात बसवण्यासाठी यंत्रानं तो ५० टक्क्यांवर आणला होता. मी समजत होतो, निम्मा झाला. पण ही टक्केवारी लांबीला लागते आणि रुंदीलाही लागते. निम्मी लांबी गुणिले निम्मी रुंदी म्हणजे पाव. चार पानांची जागा एका पानावर आली होती. अकरा पॉइंटचं अक्षर साडेपाच पॉइंटचं झालं होतं. तुम्ही वर्तमानपत्रात वाचता तो मजकूर याच्या दीडपट तरी मोठा असतो. शिवाय आपली लिपी अशी की बरंचसं काम रेघेच्या वर आणि खाली चालतं. वेलांटी, रफार, अनुस्वार, उकार आधी नाहीसे होतात. एक आणि नऊ सारखे दिसायला लागतात. झेरॉक्सवाल्यांना हे गणित माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ए-थ्रीचं ए-फोर करताना ते ७१ टक्के लावतात, कारण ए-थ्रीला मधोमध घडी घातली की ए-फोर होतो, आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. कागदाच्या या प्रमाणाचा गुण लिख्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १७८६ साली एका पत्रात लिहून ठेवला होता. पुढं १९२२ साली जर्मनीनं त्यावरून कागदाची मापं ठरवली आणि आज आपल्या टेबलावरचा ए-फोर त्याच घराण्यातला आहे. ७१ टक्के म्हणजे क्षेत्रफळ निम्मं. तेवढं डोळ्यांना सोसतं. त्याच्या खाली गेलात की वाचणाऱ्याला भिंग द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. रकाना अरुंद झाला की एक्सेल आकड्याला एक वागणूक देतं आणि शब्दाला दुसरी. रक्कम किंवा तारीख मावत नसेल तर ते चौकटीत जाळीच्या खुणांची ओळ छापतं. ती ओळ बघून आपण वैतागतो, पण ती प्रामाणिक असते. ‘इथं काहीतरी आहे आणि ते मावत नाही’ असं ती ओरडून सांगते. पन्नास हजारांतले पुढचे दोनच अंक दाखवले तर ते खोटं होईल, हे यंत्र बनवणाऱ्यांना कळत होतं. शब्दांना मात्र हा मान नाही. शेजारची चौकट रिकामी असेल तर मजकूर तिच्यात पसरतो. शेजारची भरलेली असेल तर तो तिथंच कापला जातो, आणि कापला आहे याची कसलीही खूण राहत नाही. माझ्या तक्त्यात शेऱ्याच्या शेजारी बोटीचा क्रमांक होता. ज्यांना अजून बोट नेमली नव्हती त्यांचे शेरे पूर्ण उमटले. ज्यांच्याकडं बोट निघाली होती त्यांचेच शेरे कापले गेले. सरांना बोट क्रमांक दोन नेमलेली होती.

पडद्यावर त्या चौकटीवर टिचकी मारली की वरच्या पट्टीत सगळा मजकूर दिसतो. म्हणून मला कधी शंका आली नाही. कागदावर टिचकी मारता येत नाही. शब्दांशी इतकी वर्षं संबंध असलेल्या माणसाला हे लक्षात यायला हवं होतं. अर्धा आकडा खोटा, हे यंत्राला कळतं. अर्धं वाक्यही खोटं असू शकतं, हे कवीला कळू नये?

तिसरी गोष्ट मला माझ्या अब्बांमुळं उमगली. अब्बा शिंपी होते. दुकानात एक मशीन, एक टेबल आणि भिंतीला टांगलेली मापाची वही. पुष्कळदा गिऱ्हाईक कापड कमी आणायचं. दुकानदारानं सांगितलं एवढं पुरेल, म्हणून घेऊन आलो, असं म्हणायचं. अब्बा कापड टेबलावर पसरायचे, पन्हा बघायचे आणि खडू हातात घेऊन बराच वेळ नुसतेच उभे राहायचे. त्याला बेतणं म्हणतात. बाही इथून काढली तर कॉलर कुठून निघेल, खिसा आडवा लावला तर चालेल का, हे आधी डोक्यात ठरायचं. कैची नंतर. कधी म्हणायचे, ‘‘पूर्ण बाहीचा होणार नाही, अर्ध्या बाहीचा होईल.’’ कधी म्हणायचे, ‘‘एक खिसा कमी.’’ एकदा मी विचारलं, सगळंच थोडं थोडं लहान कापलं तर? अब्बा म्हणाले, ‘‘मग तो सदरा कुणाच्याच अंगाला येणार नाही. कापड कमी पडलं म्हणून गिऱ्हाईक लहान करता येत नाही, बेटा.’’

आणखी एक. शिवणीच्या आत ते थोडं जादा कापड सोडायचे. शिंपी त्याला ‘माया’ म्हणतात. पुढं माणूस अंगानं भरला तर उसवून सैल करता येतं. कापड कितीही कमी पडो, अब्बांनी माया काढून घेतलेली मी पाहिली नाही. मी मात्र कागदाचे समास पहिल्या झटक्यात काढून टाकले होते. मग पोरांना त्या कागदावर ‘आणलं’, ‘नाही सापडले’ असं लिहायला जागाच राहिली नाही. बत्तीस नंबरपुढं एक खूण तेवढी होती. ‘हाकेला उत्तर नाही’ असं लिहायला जागा असती, तर मी ते रात्रीच वाचलं असतं.

एका पानात बसवा, या बटणाचा अर्थ मला त्या रात्री कळला. ते सगळंच थोडं थोडं लहान कापून देतं. न बेतता कापतं. बेतायचं काम यंत्राचं नाही, आणि मी ते त्याच्यावर टाकून मोकळा झालो होतो. गझलेचा शेर दोन ओळींत बसवायचा तर आम्ही अक्षर बारीक करत नाही. काय सांगायचं ते ठरवतो आणि बाकीचं जिवावर आलं तरी सोडतो. हे मला कवितेत येत होतं. कार्यालयात मी ते कधी आणलंच नव्हतं.

जुलै २०२१मध्ये कृष्णेचं पाणी पुन्हा चढायला लागलं. या वेळी पुष्कळ लोक आधीच निघून गेले होते. आमच्या यादीत ४१ घरं राहिली. मी तक्ता उघडला तोच सर काठी टेकत दारात. ‘‘कवी, छापायच्या आधी दाखव.’’

त्यांच्यासमोर मी पहिला प्रश्न मांडला : हा कागद कोण वाचणार? बोटीतला पोरगा, रात्री, पावसात, बॅटरीच्या उजेडात. मग त्याला काय लागेल? अनुक्रम त्याला लागत नाही. दुसरा फोन लागत नाही, तो मला लागतो, माझ्याकडं राहू दे. आजार आणि औषध ही माहिती छावणीतल्या डॉक्टरांना लागते, त्यांना वेगळा कागद. हे रकाने मी खोडले नाहीत, छापताना फक्त लपवले. तक्त्यात ते तसेच राहतात. जनावरांचा रकाना होता. सर म्हणाले, ‘‘ज्याच्याकडं जनावर आहे त्याच्यापुढं लिही. बाकीच्या घरांपुढं ‘नाही, नाही’ कशाला लिहितोस?’’ तो रकाना गेला आणि तीन घरांच्या शेऱ्यात ‘म्हैस आहे’ एवढं आलं.

उरले सहा रकाने. घर, नाव, माणसं, काय लक्षात ठेवायचं, फोन आणि शेवटचा मोकळा, पोरांना लिहायला. नावं पूर्ण लिहिली, आद्याक्षरं नाहीत. शेऱ्याचा रकाना रुंद केला आणि त्याला ‘रॅप टेक्स्ट’ लावलं, म्हणजे मजकूर मावला नाही तर तो खालच्या ओळीत उतरतो, कापला जात नाही. यादी नावाच्या अक्षरक्रमानं होती, ती गल्लीत बोट जाईल त्या क्रमानं लावली. आणि सगळ्यात सोपी गोष्ट, जी मला २०१९मध्ये सुचली नव्हती : बोटी दोन होत्या, मग यादी एक कशाला? पहिल्या बोटीला तिची २१ घरं, दुसरीला तिची २० घरं. प्रत्येकीला एकच पान. पोरगा एकच पान मागत होता ते त्याच्या हातात एकच कागद असावा म्हणून. सगळं गाव एका कागदावर द्या, असं तो कधीच म्हणाला नव्हता.

अक्षर चौदा पॉइंटचं ठेवलं, टक्के शंभर. सरांनी ट्यूबलाइट बंद करायला लावली, मेणबत्ती पेटवली आणि हात लांब करून, भिंगाशिवाय कागद वाचायला घेतला. एका जागी अडखळले. तिथं मी ‘मा. प. आ.’ लिहिलं होतं. ‘‘हे काय?’’ म्हटलं, ‘‘मागच्या पायरीनं आणावं.’’ ‘‘मग तसं लिही.’’ तसं लिहिलं. पुढं स्वतःच्या ओळीपाशी आले. मी लिहिलं होतं : ‘ऐकू येत नाही. वर जा.’ सरांनी खिशातून लाल पेन काढलं, ‘जा’ खोडलं आणि ‘या’ लिहिलं.

त्या वर्षी पहिल्याच खेपेला सर बाहेर आले. दोन पोरं जिना चढून वर गेली होती.

श्रोतेहो, आपल्यापैकी कितीतरी जण याद्या करतात. सोसायटीच्या, पतसंस्थेच्या, शाळेच्या, लाभार्थ्यांच्या, मतदारांच्या. त्या सूचना फलकावर लागतात आणि कमी दिसणारी माणसं बोट फिरवत त्यांत आपलं नाव शोधतात. पाठीमागून येणारा म्हणतो, सरका. त्यांच्यासाठी माझी एवढीच विनंती आहे. छापायच्या आधी प्रिंट प्रिव्ह्यू उघडा आणि टक्क्यांचा आकडा बघा. सत्तरच्या खाली असेल तर थांबा आणि बेतायला लागा. रुंदी एका पानात बसवा, लांबी मोकळी सोडा; दोन पानं झाली तर होऊ देत. फक्त वरची शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा छापली जाईल आणि ‘दोनपैकी पहिलं पान’ हे कळेल, एवढं बघा. कापलेला शब्द शोधा. मग तो कागद भिंतीला लावून तीन पावलं मागं या आणि स्वतः वाचून बघा. चष्मा काढून बघितलात तर आणखी चांगलं.

सर २०२३च्या उन्हाळ्यात गेले. तो लाल पेननं दुरुस्त केलेला कागद माझ्या कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये आहे. नवा तक्ता छापायचा असला की मी आधी तो काढून बघतो.

वीस मिनिटं होत आली. अजून सांगण्यासारखं होतं, ते सोडून दिलंय.